पावसात स्टॅम्पची शाई वाळत नाही, कार्डं वाकतात: चार वर्षांच्या त्रासानंतर सापडलेला उपाय

मी हाताने रबरी स्टॅम्प मारून शुभेच्छाकार्डं बनवते. नाताळच्या कार्डांचं काम आमच्याकडे नाताळात होत नाही, ते सप्टेंबरातच सुरू होतं, कारण शेजारच्या आंटीची निम्मी माणसं इंग्लंडात स्विंडनला आहेत आणि तिला पोस्टाने पाठवायची २५-३० कार्डं नोव्हेंबरच्या सुरुवातीला हातात हवी असतात. त्याच्या आधी चवथीची कार्डं, ती ऑगस्टात. म्हणजे माझं वर्षातलं सगळं मोठं काम बरोबर पावसात येतं, आणि बरोबर तेव्हाच शाई वाळायची बंद होते.

त्रास नक्की काय ते आधी सांगते, म्हणजे तुमचा आणि माझा त्रास एकच आहे का ते कळेल. स्टॅम्प मारला की छाप सुंदर दिसते, पण दुसऱ्या दिवशी बोट फिरवलं तर काळं लागतं. कधी बारीक रेषा फुटतात, म्हणजे मोदकाच्या कळ्या एकमेकींत मिसळून नुसता गोळा दिसतो. एम्बॉसिंग पावडर, म्हणजे ओल्या शाईवर टाकून तापवली की वितळून उठावदार होते ती, टाकली की ती अक्षरांवर बसतेच, पण आजूबाजूलाही वाळू सांडल्यासारखी चिकटून राहते. पॅटर्न पेपर म्हणजे नक्षीचा छापील कागद चिकटवलेलं कार्ड संध्याकाळपर्यंत सरळ असतं आणि सकाळी पापडासारखं वाकलेलं असतं. आणि हे सगळं जानेवारीत होत नाही, मेच्या शेवटी हळूच सुरू होतं आणि दिवाळीच्या पुढेमागे आपोआप बंद होतं.

आपोआप बंद होतं हीच खरी अडचण. कारण मग वाटतं की आपण जो शेवटचा उपाय केला त्यानेच बरं झालं. पहिल्या वर्षी मी शाई बदलली, बंद झालं. दुसऱ्या वर्षी परत तेच, मग मला वाटलं स्टॅम्प हलक्या प्रतीचे आहेत, चांगले फोटोपॉलिमरचे, म्हणजे पारदर्शक असतात ते, मागवले, बंद झालं, कारण ते येईपर्यंत नोव्हेंबर उजाडला होता! तिसऱ्या वर्षी हीट गन, म्हणजे गरम हवा सोडणारं यंत्र, घेतली. चौथ्या वर्षी आंटीला २५ कार्डं नेऊन दिली आणि तिने पहिलंच कार्ड उघडून अंगठा बघितला आणि म्हणाली, "बाय, हें हाताक लागता गो." ती रागावली नाही, पण मला फार वाईट वाटलं, कारण त्यातली ११ कार्डं परत करावी लागली आणि ती तिच्या नातवंडांसाठी होती.

त्यानंतर मला ज्यांनी मार्गाला लावलं ते माझ्या नवऱ्याचे काका. म्हापशाच्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्य काढलं, लग्नपत्रिका, तिआत्राची म्हणजे कोकणी नाटकांची हँडबिलं, चवथीच्या पावत्या, सगळं छापलं. ते घरी आले असताना मी त्यांना ती परत आलेली कार्डं दाखवली. त्यांनी शाई बघितलीच नाही. त्यांनी माझ्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद एका कोपऱ्यात दोन बोटांनी धरला, कानाजवळ नेऊन हलवला आणि म्हणाले, "वाजत नाहीय हा." मग कपाटातला एक न उघडलेला प्लॅस्टिकमधला गठ्ठा फोडायला लावला आणि त्यातला कागद तसाच हलवला. तो खडखड वाजला, अगदी पत्र्यासारखा. माझा उघड्यावरचा कागद नुसता फदफद करत होता. दोन्ही एकाच दुकानातले, एकाच दिवशी आणलेले, २५० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचे), सारखेच. फरक एवढाच की एक तीन आठवडे टेबलावर उघडा होता.

तेव्हा मला कळलं की मी चार वर्षं शाईला दोष देत होते आणि त्रास कागदात होता. म्हणजे सगळाच कागदात नव्हता, शाईचाही वाटा आहेच, तो पुढे सांगते, पण सुरुवात कागदापासून करा. नवीन काहीही विकत घ्यायच्या आधी तुमचा कागद हलवून ऐका. एक पैसा लागत नाही याला.

कागद म्हणजे शेवटी झाडाचे तंतू, आणि ते हवेतलं पाणी सतत पितात आणि सोडतात. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत आमच्या डिचोलीच्या घरात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली क्वचितच येते, रात्री ९० च्या वर असते. कागदाला ५० च्या आसपास बरं वाटतं, छापखानेवाले ५० ते ५५ धरून चालतात. ओला झालेला कागद शाई आत ओढून घेऊ शकत नाही कारण त्याचं पोट आधीच भरलेलं असतं, आणि जी ओढतो ती तंतूंमधून आडवी पसरते, म्हणून रेषा फुटतात.

हा आकडा मला कसा कळला तर मी एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक घेतला, घड्याळाएवढा असतो, ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत मिळतो. पण स्वस्तातले मापक ५-७ ने चुकतात, म्हणून तो तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, त्यात दोन-चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, पूर्ण विरघळवायचं नाही, आणि ते झाकण आणि मापक दोन्ही एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी मापकाने ७५ दाखवायला हवं. माझा ७९ दाखवत होता, म्हणजे चार वजा करायचे. मीठ मात्र पाकिटातलं बारीक घ्या, आगराचं जाडं मीठ नको, मी आधी तेच वापरलं आणि आकडा काही बरोबर येईना. त्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते पाणी जास्तच ओढतात, म्हणून तर आगराचं मीठ पावसात बरणीत पाणी सोडतं.

आता शाई.

माझ्याकडे तीन प्रकारची पॅड होती आणि मला त्यांच्यातला फरक फक्त नावापुरता माहीत होता. डाय इंक म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, तो कागदात शिरतो. पिगमेंट इंक म्हणजे रंगाचे अगदी बारीक कण, ते विरघळलेले नसतात, ते कागदाच्या वर बसतात, म्हणून रंग गडद आणि भरीव दिसतो. आणि या पिगमेंट पॅडमध्ये, स्पंजसारखी मऊ पॅडं असतात ना त्यांच्यात, शाई लवकर सुकू नये म्हणून ग्लिसरीनसारखं काहीतरी घातलेलं असतं. एम्बॉसिंगसाठी ते बरंच असतं कारण पावडर टाकेपर्यंत शाई ओली राहायला हवी. पण ग्लिसरीन स्वतःच हवेतलं पाणी ओढतं, आपण थंडीत ओठांना लावतो ते याचसाठी. म्हणजे आपल्याकडच्या पावसात ती शाई वाळायच्या ऐवजी उलट पाणी पीत बसते. माझी ती ११ कार्डं याच शाईची होती आणि तीही चकचकीत पॅटर्न पेपरवर.

चकचकीत पेपर हा दुसरा शत्रू, आणि तो जानेवारीतही शत्रूच असतो. बरेच पॅटर्न पेपर वरून लेप दिलेले असतात, मग शाई आत शिरायला जागाच नसते. मला तो निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या नक्षीचा पेपर फार आवडतो, पणजीत फोंताइन्याशच्या घरांवर असतात ना तसल्या अझुलेजो टाइल्स, तर त्या नक्षीचा एक गठ्ठा मी आंटीसाठी मुद्दाम आणला होता आणि तो नेमका लेपवाला निघाला. ओळखायचं कसं, तर कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि दहापर्यंत मोजा. थेंब कागदात शिरून डाग पडला तर लेप नाही. अळवाच्या पानावरच्यासारखा टपोरा थेंब तसाच राहिला तर लेप आहे, आणि त्याच्यावर पाण्याची डाय इंकही नीट बसत नाही, ठिपके ठिपके होतात, पिगमेंट तर दुसऱ्या दिवशीही ओली. तसल्या पेपरवर मारायचंच असेल तर सॉल्व्हंटची शाई वापरा, स्टाझऑनसारखी, जी काचेवर आणि प्लॅस्टिकवरसुद्धा चालते, खिडकी उघडी ठेवून. नाहीतर मी आता करते तसं करा, लेपवाला पेपर फक्त मागच्या पट्टीला वापरा आणि स्टॅम्प साध्या पांढऱ्या कार्डस्टॉकवर, म्हणजे कार्डाच्या जाड कागदावर, मारून तो तुकडा वर लावा. दिसायलाही तेच जास्त चांगलं दिसतं असं माझं मत आहे, नक्षीवर नक्षी आली की दोन्ही मरतात.

काका गेल्यावर मी एक रविवार घालवून नीट तपासलं. एकच स्टॅम्प, ताऱ्याचा. तीन शाया: डाय, स्पंजवाली पिगमेंट, आणि तेलावर आधारलेली पिगमेंट म्हणजे वर्साफाइन. तीन कागद: डब्यात कोरडा ठेवलेला, टेबलावर उघडा पडलेला, आणि लेपवाला. नऊ छापा, प्रत्येकीखाली पेन्सिलने वेळ लिहिली आणि १० मिनिटांनी, तासाने आणि सकाळी टिशूने पुसून बघितलं. कोरड्या कागदावर डाय लगेच वाळली, वर्साफाइन १० मिनिटांत, आणि स्पंजवालीसुद्धा तासाभराने बोटाला लागेनाशी झाली. उघड्या कागदावर डाय पसरली, वर्साफाइन तासाने ठीक होती, स्पंजवाली सकाळीही ओली. लेपवाल्यावर तिन्हींनी निराशा केली. या नऊ छापांचा तक्ता मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलाय, काम करताना समोर असतो. तुम्हीही तुमच्याकडच्या शाया आणि कागद घेऊन असाच तक्ता करा, माझ्या वेळांवर जाऊ नका, तुमचं घर वेगळं, कागद वेगळा.

मग कागद कोरडा ठेवायचा कसा हा प्रश्न आला, आणि यात मला सर्वात जास्त वेळ लागला.

आमचं घर चिऱ्याचं, जुनं. चिरा पाणी शोषतो, पावसात बाहेरच्या भिंती आतून गार आणि दमट लागतात, आणि माझं क्राफ्टचं लाकडी कपाट बरोबर पश्चिमेच्या भिंतीला टेकून होतं, जिथे वाऱ्याचा सगळा पाऊस आपटतो. कपाटाची मागची फळी हाताला ओली लागायची आणि मला वर्षानुवर्षं ते दिसलं नव्हतं. पहिलं काम म्हणजे ते कपाट आतल्या भिंतीला नेलं आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, हवा खेळायला. खालच्या खणात काही ठेवत नाही.

कागदासाठी रबरी पट्टीची, क्लिपा असलेली हवाबंद प्लॅस्टिकची मोठी पेटी घेतली, ज्यात १२ बाय १२ इंचाचा पेपर आडवा मावतो. कागद उभे ठेवू नका पावसात, कंबर मोडते त्यांची. आत सिलिका जेल. बुटांच्या खोक्यातल्या त्या बारीक पुड्या गोळा करून मी पहिल्यांदा टाकल्या होत्या, त्याने काहीच होत नाही, त्या आधीच भरलेल्या असतात. अर्धा-एक किलोची पिशवी आणा, रंग बदलणारी, नारंगी दाण्यांची. कोरडी असताना नारंगी, ओलावा पिऊन झाला की हिरवट होते. निळी पण मिळते, जी गुलाबी होते, पण तिच्यात कोबाल्ट क्लोराईड असतं आणि ते विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर निळी घेऊच नका. दाणे पातळ सुती कापडाच्या पुरचुंड्यांत बांधायचे आणि हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला तास-दीड तास ठेवायचे, परत नारंगी होतात. मी त्यासाठी वेगळा जुना ट्रे ठेवलाय. जुलैत हे दर आठ-दहा दिवसांनी करावं लागतं, ऑक्टोबरात महिन्यातून एकदा पुरतं. पेटीत मापक ठेवला तर ४५ ते ५० च्या आसपास राहतो आता, बाहेर ८८ असताना.

पेटीत ओला कागद भरून लगेच काम होत नाही हेही सांगते, कारण मी तसं केलं आणि परत निराश झाले. ३०० जीएसएमचा गठ्ठा आतून कोरडा व्हायला आठवडा तरी जातो. गठ्ठा सुटा करून मध्ये मध्ये जागा ठेवून घाला. आणि काम करताना एका वेळी पाच-सहा कागदच बाहेर काढा, पेटी लगेच बंद. छापखान्यातही पावसात रीम मशीनवर चढवायच्या वेळेपर्यंत फोडायची नाही असा नियम होता असं काकांनी सांगितलं.

काहीजण कपाटात बल्ब लावून ठेवतात, आमच्या आजेसासूबाई कपड्यांच्या कपाटात लावायच्या, बुरशी येऊ नये म्हणून. त्याने कोरडं राहतं हे खरं, पण कागदाने भरलेल्या कपाटात तापणारा बल्ब मला पटत नाही, आणि आमच्याकडे लाईट येत-जात असते ती वेगळी. एसी असेल तर ड्राय मोडवर दोन तास लावून त्या खोलीत स्टॅम्पिंग करा, जीव सुखावेल. पंख्याने मात्र हवेतलं पाणी कमी होत नाही, तो तीच दमट हवा फिरवतो.

एम्बॉसिंग पावडर आजूबाजूला चिकटते त्याचं कारण बहुतेक ठिकाणी स्टॅटिक असं सांगतात आणि टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवायला सांगतात. थंड कोरड्या देशात ते पुरेसं असेल. आपल्याकडे कागदच दमट असतो, त्यामुळे पावडर शाईला काय आणि कागदाला काय, दोन्हीला चिकटते. म्हणून मी आधी कोऱ्या कार्डावर हीट गन फिरवते, पाच-सहा इंचांवरून, १५-२० सेकंद, पुढून आणि मागून, मग ते पूर्ण गार होऊ देते, मग पुरचुंडी, मग वर्सामार्कने (ही एम्बॉसिंगची चिकट, बिनरंगी शाई) छाप, मग पावडर. गार होऊ देणं महत्त्वाचं, गरम कागदावर छाप मारली तर शाई लगेच सुकते आणि पावडर तुटक बसते. उरलेले कण बारीक कोरड्या ब्रशने उडवायचे आणि मगच वितळवायचं, एकदा वितळलं की काही करता येत नाही. हीट गन आधी दुसरीकडे तोंड करून तापू द्या, मग कार्डाजवळ आणा, म्हणजे कागद कमी भाजतो. पावडर चमकली की लगेच पुढे सरका, जास्त तापवलं की ती कागदात मुरते आणि तेलकट डागासारखी दिसते. लग्नपत्रिकेवरची उठावाची सोनेरी अक्षरं अशीच करतात, ओल्या शाईवर पावडर टाकून तापवून, काकांनी ती हजारोंनी केलीत, आणि पावसातल्या पत्रिकांना नेहमी जास्त वेळ मागून घ्यायचे म्हणाले. पावडरची बरणी उघडी ठेवू नका, गोळे होतात.

वाकणाऱ्या कार्डांचं कारण मला उशिरा कळलं आणि ते कळल्यावर फार बरं वाटलं. कागदाला एक दिशा असते, तंतू बहुतेक एकाच बाजूला झोपलेले असतात. ओलावा लागला की तंतू लांबीला फारसे वाढत नाहीत, जाडीला फुगतात, म्हणून कागद एकाच दिशेने पसरतो. कार्डाचा कागद उभ्या दिशेचा आणि वरचा पॅटर्न पेपर आडव्या दिशेचा असला की एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे, आणि कार्ड वाकतं. दिशा बघायची तर कागद न मोडता हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा, सहज वाकतो तेव्हा बाकाची जी रेषा होते ती त्याची दिशा, घडीही त्याच रेषेत घालायची, म्हणजे घडीवर कागद फाटल्यासारखा दिसत नाही. आता मी पॅटर्न पेपर कापायच्या आधी प्रत्येक पानाच्या मागे पेन्सिलने बाण काढते. नक्षीच उलट्या दिशेची असेल तर तो पेपर मोठ्या तुकड्यात वापरत नाही, बारीक पट्ट्या करते, पट्टी कार्डाला वाकवू शकत नाही.

आणि गोंद. फेव्हिकॉल चांगलाच आहे पण तो पाण्यातला, पूर्ण पान भरून लावला की पॅटर्न पेपर ओला होऊन ताणतो, तसाच चिकटतो आणि सुकताना आकसून कार्डाला ओढतो. पूर्ण पानाला मी डबल साइडेड टेप लावते, चारी कडा आणि मध्ये तिरक्या दोन पट्ट्या, फेव्हिकॉल फक्त टिकल्या आणि छोट्या कापलेल्या आकारांना, टाचणीच्या टोकाने. टेप जरा बरी घ्या, अगदी स्वस्तातली दमट हवेत घसरते आणि कडेने चिकट बाहेर येतं. मोठं कार्ड असेल तर आतल्या बाजूलाही तेवढाच कागद लावते, दोन्हीकडून ओढ सारखी झाली की कार्ड सरळ राहतं, पुस्तकबांधणीवाले पुठ्ठ्याला आतून कागद लावतात तसं. आंटीच्या कार्डांना हे फार लागू पडलं, कारण ती इथून दमट निघतात आणि तिकडे हिवाळ्यात हीटर लावलेल्या कोरड्या घरात जाऊन पडतात. तिच्या मुलीने एकदा फोटो पाठवला होता, कपाटावर ठेवलेली सगळी कार्डं आत वळलेली, जसं काही कोणी मिटायला घेतलीत.

तयार झालेली कार्डं लगेच वजनाखाली, मध्ये बटर पेपर घालून, एक रात्र. मी आमचा जुना पाटा वापरते.

स्टॅम्पचं थोडक्यात. नवीन क्लिअर स्टॅम्पवर कारखान्यातला तेलकट थर असतो, शाई मण्यांसारखी गोळा होते, खोडरबर हलक्या हाताने फिरवला की जातो. फोटोपॉलिमर उन्हात ठेवला तर पिवळा आणि कडक होतो, म्हणून धुऊन बलकांवावर (घरापुढच्या ओट्यावर) वाळत घालू नका, सावलीत कापडावर. चिकट वाटेनासा झाला की साबणाच्या पाण्याने धुतला तरी परत ब्लॉकला, म्हणजे स्टॅम्प लावून धरायच्या पारदर्शक ठोकळ्याला, चिकटतो. लाकडी ठोकळ्याचे रबर स्टॅम्प पाण्यात बुडवू नका, लाकूड फुगतं आणि रबर सुटतं, ओल्या फडक्याने पुसायचं बस. छाप मारताना ब्लॉक डोलवायचा नाही, कडा उमटतात. खाली पातळ फोम किंवा जुन्या माउस पॅडचा तुकडा ठेवा. पॅडला स्टॅम्प टेकवून टेकवून शाई घ्या, दाबून नाही, पावसात शाई कमीच घ्यायची. स्पंजची पॅडं उलटी ठेवा म्हणजे शाई स्टॅम्प टेकवायच्या बाजूला राहते. आणि पॅड कोरडं वाटलं तर त्यात नळाचं पाणी घालू नका, बुरशी येते, त्याच शाईची बाटली मिळते ती घाला.

पाकिटांचं एक राहिलं. डिंक लावलेली पाकिटं पावसात न लावता आपोआप बंद होतात, माझी ५० पाकिटांची थप्पी एकमेकांना चिकटून वाया गेली. प्रत्येक पाकिटाच्या झाकणाखाली बटर पेपरची पट्टी घाला किंवा ती पण त्याच पेटीत ठेवा. पट्टी सोलून चिकटवायच्या टेपची पाकिटं मिळाली तर उत्तम.

यंदा चवथीची १८ कार्डं झाली आणि एकही परत करावं लागलं नाही. आंटीची सुरू आहेत, टाइल्सचा पेपर बारीक पट्ट्यांत, मध्ये पांढऱ्या तुकड्यावर वर्साफाइनने नाताळचा तारा. बाहेर आज परतीचा पाऊस जोरात आहे, खोलीत मापक ८६ दाखवतोय, पेटीत ५१, म्हणजे दाणे भरत आलेत, उद्या सकाळी ओव्हनमध्ये घालायचेत. तोपर्यंत कापलेले तुकडे पेटीतच राहू देते, फक्त पट्ट्या कापून ठेवते.